बिअर्डेड ड्रॅगन दोन दिवस खातो, परत आठवडाभर तोंड उघडत नाही: आमच्याकडे कारण काय निघालं

आधी प्रॉब्लेम नीट सांगते, म्हणजे ज्यांच्याकडे हेच चालू आहे त्यांना लगेच ओळखू येईल. आमचा बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे पाळीव सरड्याची एक जात, नाव हळद्या (अंगानं पिवळट आहे म्हणून), जूनच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापुरातनं आमच्याकडे बेळगावला आला. ज्याचा होता तो मुलगा नोकरीला बाहेर चालला होता, त्यानं काचेची टाकी, बल्ब, वाटी सगळ्यासकट दिला. तेव्हा हळद्या सात महिन्यांचा, वजन १४८ ग्रॅम. पहिले चार दिवस काही खाल्लं नाही, पाचव्या दिवशी दोन सुपरवर्म (जाड जिवंत अळ्या), सहाव्या दिवशी चार, आम्ही सगळे खूश, आणि सातव्या दिवसापासून परत बंद. आठवड्यानं परत दोन दिवस खाल्लं, परत बंद. दीड महिन्यात असं चार वेळा झालं आणि वजन १३१ वर आलं. शेपटीचं बूड आणि डोक्यावरच्या दोन गाद्या असतात ना, त्या खोल गेलेल्या दिसायला लागल्या, आणि आईनं तर एक दिवस रडूनच सांगितलं की ज्याचा आहे त्याला परत द्या बाबा, आपल्या हातनं जायला नको.

त्या दीड महिन्यात मी भेटेल त्याला एकच विचारत होते, ह्याला खायला काय घालू. उत्तरं पण तशीच यायची, हा किडा घाल, तो पाला घाल, मध लावून बघ. आता कळतंय की मी सुरुवातच उलट्या टोकाकडनं केली होती. सरडा, पाल, साप ह्यांच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही, बाहेरनं मिळेल तेवढ्या उबेवर त्यांचं पोट चालतं. हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या रखरखीत भागातला, आणि आम्ही त्याला आणलं बेळगावच्या पावसाच्या तोंडावर, जेव्हा झड लागली की भर दुपारी पण अंगावर काहीतरी घ्यावं वाटतं. अंग गार असेल तर त्याला भूकच लागत नाही, आणि भूक नसताना कोंबलं तर ते पचत नाही, पोटात कुजतं. म्हणून क्रम असा धरायचा: आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. खाली पण मी त्याच क्रमानं लिहिलंय, मधलं सोडून थेट भाज्यांवर उडी मारू नका, मी तेच केलं होतं आणि दीड महिना गेला.

त्याच्याही आधी एक गोष्ट. आणून चार-पाच दिवसच झाले असतील आणि जनावर बाकी ठीक असेल, डोळे उघडे, मान वर, हाताला चपळ, तर थोडा धीर धरा. नवीन जागेत मोठा ड्रॅगन एक-दोन आठवडे कमी खातो किंवा अजिबात खात नाही, हे होतं. मात्र तीन-चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर तीन दिवससुद्धा जास्त झाले, तिथं थांबू नका. नवीन आला की घरातले सगळे बघायला येतात, पोरं हातात घेतात, आमच्याकडे तर पहिल्या रविवारी अख्खी गल्ली येऊन गेली, ते टाळायला पाहिजे होतं. टाकीच्या तीन बाजू बाहेरनं कागद लावून झाकल्या की काचेत स्वतःचंच रूप बघून घाबरणं, काचेवर नखं मारत चढणं हे पण कमी होतं. दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी पडली, पोटावर काळ्या रेषा आल्या की समजायचं त्याला ताण आहे. आणि ज्याच्याकडनं घेतला त्याला विचारा की हा काय खायचा, किती वाजता, कशातनं, चिमट्यानं का वाटीतनं. आमच्या हळद्याला फक्त हलणारे किडे आणि ते पण सकाळी दहानंतर एवढंच माहीत होतं, आम्ही सात वाजता वाटीत पाला ठेवून वाट बघत बसायचो.

आता मुख्य कारण. ते कॅलेंडरवर सापडलं. धाकट्या भावानं पहिल्या दिवसापासून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली होती, वजन, काय खाल्लं, शी झाली का, आणि करंट किती वेळ गेला. करंटचं तो सहज लिहायचा कारण त्याचा अभ्यास बुडायचा. चौथ्यांदा खाणं बंद झालं त्या रात्री तो कॅलेंडरसमोर उभा राहून म्हणाला, "अक्का, हे बघ, करंट गेला की दुसऱ्या दिवशी हा जेवण सोडूलाय." बघितलं तर चारही वेळा तेच. सकाळी दहाला खाल्लंय, अकरा-साडेअकराला करंट गेलाय, तीन-चार तास आलाच नाही. पावसात आमच्या खोलीचं तापमान २२ डिग्रीच्या आसपास असतं, बल्ब बंद झाला की टाकी थोड्याच वेळात तेवढ्यावर येते, आणि पोटात सकाळचे चार किडे तसेच पडून. मग दुसऱ्या दिवशी भूक कुठनं लागणार.

पण नुसता करंटचा दोष पण नव्हता, करंट असताना सुद्धा ऊब कमीच होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. टाकीच्या काचेवर चिकटवलेला गोल काट्याचा थर्मामीटर ४० दाखवायचा, आम्ही निश्चिंत. भावाच्या मित्राकडनं टेम्परेचर गन आणली आणि हळद्या ज्या लाकडावर बसायचा त्यावर धरली तर ३१. काट्यावाले थर्मामीटर फार चुकतात, शिवाय ते काचेचं किंवा हवेचं दाखवतात, जनावराचं पोट जिथं टेकतं तिथलं नाही. माझ्या मते नवीन बिअर्डी आणणाऱ्यानं पहिला खर्च ह्या गनवर करावा, महाग टाकीवर नको.

आकडे असे. बल्बाखाली जिथं तो बसतो त्या पृष्ठभागाचं तापमान पिल्लाला आणि वाढत्या वयाच्याला ४० ते ४२ डिग्री, पूर्ण वाढलेल्याला ३८ ते ४०. टाकीचं दुसरं टोक मात्र २५ ते २८, म्हणजे गरम वाटलं की त्याला सरकता यायला पाहिजे, अख्खी टाकी तापवायची नाही. रात्री सगळे दिवे बंद, तापमान १८-२० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. रात्री लाल बल्ब लावून ठेवतात काहीजण, तो नको, त्याला तो उजेड दिसतो आणि झोपमोड होते.

आम्ही काय केलं ते सांगते. जुना बल्ब साठ वॅटचा होता. आता साध्या दुकानात गेलं की एलईडीच देतात, त्याची ऊब काही कामाची नसते, मग कोंबड्यांच्या पोल्ट्रीचं सामान मिळतं तिथनं पिल्लांना ऊब द्यायचा शंभर वॅटचा फिलामेंटचा बल्ब आणला, आणि होल्डर पोर्सिलेनचा, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. बल्बाखालचं लाकूड काढून शहाबादी फरशीचा वीतभर तुकडा ठेवला, जिन्याचं काम झालं तेव्हाचा मागं पडला होता. फरशी ऊब धरून ठेवते, बल्ब गेला तरी पुढं थोडा वेळ पोटाला मिळत राहते. बल्ब वर-खाली करून गननं बघत बघत ४० वर आणलं. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंना बाहेरनं थर्माकोल लावला, बल्बापासनं चांगला लांब, वर जाळीजवळ अजिबात नाही, आगीचा धोका असतो. पोटाखाली इलेक्ट्रिकचा गरम दगड मिळतो तो घेऊ नका, पोट भाजेपर्यंत त्यांना कळत नाही असे प्रकार होतात.

करंट जाण्यावर उपाय म्हणजे टाकीचं कनेक्शन इन्व्हर्टरवर घेतलं, टीव्ही काढला त्यावरनं, बाबांनी कुरकुर न करता काढला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून फरशीच्या बाजूला ठेवायची आणि टाकीवर चादर टाकायची, पण बल्ब गार झाल्याशिवाय चादर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या दिवशी करंट जायची खात्री आहे, लाईनचं काम आहे म्हणून आधी सांगितलेलं असतं, त्या दिवशी खायला घालूच नका. एक दिवस उपाशी राहिल्यानं त्याला काही होत नाही, गार पोटात अन्न पडून राहिल्यानं होतं. जेवल्यावर दोन-तीन तास तरी ऊब मिळायलाच पाहिजे, म्हणून संध्याकाळी उशिरा पण घालायचं नाही.

उबेबरोबर दुसरी गोष्ट यूव्हीबी, म्हणजे उन्हात असतात ती अतिनील किरणं. हा उजेड आपल्याला दिसत नाही म्हणून ह्यात सगळे फसतात. तो अंगावर पडला तर त्यांच्या शरीरात व्हिटॅमिन डी थ्री तयार होतं, ते असेल तरच खाल्लेलं कॅल्शियम हाडात जातं. नाहीतर हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, बोटं थरथरतात, आणि मग भूक असली तरी चावता येत नाही म्हणून तो खात नाही. आमच्या टाकीबरोबर आलेला यूव्हीबीचा छोटा गुंडाळीचा बल्ब दोन वर्षांचा जुना होता, पेटायचा छान पण त्यातली यूव्हीबी संपलेली असणार, आणि वरनं तो काचेच्या झाकणावर ठेवलेला, काचेतनं यूव्हीबी जवळजवळ आतच येत नाही. आता टी फाईव्ह म्हणतात ती बारीक लांब ट्यूब आहे, दहा टक्के यूव्हीबीची, टाकीच्या अर्ध्यापेक्षा जास्त लांबीला, जाळीच्या आतनं, साधारण फूटभर अंतरावर. वर्षाला बदलायची, बदलल्याची तारीख त्याच ट्यूबच्या पट्टीवर लिहून ठेवलीये. ऊन पडलं की गच्चीवर सकाळी पंधरा-वीस मिनिटं नेतो, त्याच्यापुढं कुठलीच ट्यूब काही नाही, पण अर्धी सावली पाहिजे, जवळ बसून राहायला पाहिजे आणि घारीवर लक्ष पाहिजे. काचेच्या टाकीसकट उन्हात कधीच ठेवायचं नाही, आत भट्टी होते.

पाणी. बरेच दिवस न खाल्लेलं जनावर बहुतेक वेळा आतनं सुकलेलं असतं. बगलेतली कातडी हळू चिमटीत धरून सोडली की लगेच बसत नाही, डोळे आत गेलेले, शीमधला पांढरा भाग पिवळा-नारिंगी आणि कडक, अशी लक्षणं. आम्ही टबात कोमट पाणी, हाताच्या आतल्या बाजूला जेमतेम कोमट लागेल एवढं, त्याच्या खांद्याच्या खालीच राहील इतकं घेऊन त्यात त्याला दहा-पंधरा मिनिटं बसवायचो, एक दिवसाआड. एकटं सोडून जायचं नाही, आणि नंतर नीट पुसून लगेच बल्बाखाली. वाटीतलं साचलेलं पाणी त्यांना बऱ्याचदा कळतच नाही, नाकाच्या टोकावर थेंब सोडला की चाटतो. पण टाकीत पाण्याची मोठी वाटी पावसाळ्यात ठेवू नका, आपल्याकडे हवाच ओली, त्यात भर पडते. ह्यांना दमटपणा ३०-४० टक्के बरा, आपल्याकडे झडीत तो दुप्पट असतो, खानापूरकडे तर कपडे आठवडाभर वाळत नाहीत. आतली ऊब बरोबर असेल आणि वरनं जाळी मोकळी असेल तर बराच फरक पडतो. तोंड उघडून श्वास घेताना नाकातोंडात चिकट बुडबुडे दिसले, घरघर आली तर छाती धरलीये, डॉक्टर. बल्बाखाली बसून नुसतं तोंड उघडं ठेवणं वेगळं, ते अंगातली उष्णता बाहेर टाकणं असतं, त्याला घाबरू नका.

हे तिन्ही झाल्यावर पाचव्या दिवशी हळद्यानं आपणहून एक रेशीमकिडा खाल्ला. आता खाण्याकडे येते.

वाढत्या वयात जास्त किडे आणि थोडा पाला, पूर्ण वाढला की उलटं, जास्त पाला आणि थोडे किडे. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर पोटात अडकतो, मागचे पाय ओढायला लागतो. आजारातनं उठणाऱ्याला कडक सालीचे मीलवर्म नकोत, मऊ किडे पाहिजेत, आणि इथं आपण नशीबवान आहोत कारण कर्नाटक रेशमात देशात पहिलं, तुतीची शेती करणारं कोणी ना कोणी ओळखीत निघतंच. बाबांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडनं आम्ही मूठभर अळ्या आणि तुतीचा पाला आणला. रेशीमकिडा मऊ असतो, त्यात पाणी भरपूर, आणि हळू हलतो त्यामुळं अशक्त जनावराला पकडता येतो. फक्त रोगट अळ्या घेऊ नका आणि तुतीवर फवारणी कधी झाली ते विचारून घ्या. तुतीचा पाला हळद्या पण खातो.

बाहेरचे किडे पकडून घालू नका. उसातले, तंबाखूतले नाकतोडे फुकट मिळतात म्हणून निपाणीकडच्या एका ओळखीच्यानं सुचवलं होतं, पण त्या रानात काय काय मारलेलं असतं आपल्याला माहीत नसतं. आणि काजवे तर कधीच नाही. मे-जूनमध्ये चोर्ला, आंबोलीकडे झाडं भरून काजवे असतात, पोरं बाटलीत भरून आणतात. काजव्याच्या अंगात जे विष असतं त्यानं बिअर्डेड ड्रॅगन मरतो, एका काजव्यानं सुद्धा. हे घरातल्या लहान मुलांना आवर्जून सांगा.

पाल्यात रोजचा म्हणून शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, फड्या निवडुंगाचं काटे काढलेलं पान, लाल भोपळा किसून, जास्वंदाचं फूल. जास्वंदानं आमचं खूप काम केलं, लाल रंगाकडे तो धावत येतो, मग त्याच पाकळीत शेवगा गुंडाळून दिला की जातो. पाला अगदी बारीक चिरून, थोडा ओला ठेवून, त्यात एक-दोन जिवंत अळ्या सोडल्या की अळी पकडताना पाला पण तोंडात जातो, अशीच सवय लागते. पालक, राजगिरा, चाकवत, आंबट चुका हे आपल्या घरात रोज असतं म्हणून आधी तेच घातलं जातं, पण त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. कांदा, लसूण, अवोकॅडो नाही. बाजारातनं आणलेला पाला दोन-तीन पाण्यातनं धुवायचा.

किड्यांवर फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर लावायची, वाढत्या वयात आठवड्यातले पाच दिवस, आणि मल्टिव्हिटॅमिन एक-दोनदा. एकानं मला पानाचा चुना चिमूटभर लाव म्हणून सांगितलं, कॅल्शियमच आहे म्हणे. कृपा करून नका लावू, चुना भाजतो, तोंड आणि अन्ननलिका जाईल त्याची. पावडर मिळेपर्यंत पक्ष्यांच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, तो घासून वस्त्रगाळ करून चालतो.

दूध पण नाही. पंचमीला मावशी आली होती, प्रेमानंच वाटीत दूध आणि लाह्या घेऊन आली, नागाच्या जातीचा आहे म्हणून. तिला समजावलं की मावशी, ह्यांना दूध पचत नाही, नागाला पण पचत नाही. तिनं ऐकलं, आता ती येताना दारातली जास्वंद घेऊन येते. आणि सिरिंजनं भरवणं डॉक्टरांनी दाखवल्याशिवाय करू नका, ठसका लागून श्वासनळीत जातं. गार आणि सुकलेल्या जनावराला तर नाहीच.

एवढं सगळं बरोबर करून पण वजन हवं तसं चढेना, १३१ वरनं १३८ ला येऊन थांबलं, शी पातळ आणि फार घाण वासाची. आपल्या भागात सरड्यांचे डॉक्टर नाहीत म्हणून आम्ही टाळत होतो, ती चूक झाली. गुरांच्या, कुत्र्यांच्या डॉक्टरांकडे मायक्रोस्कोप असतो, जंताची अंडी त्यात दिसतात. ताजी शी स्वच्छ डबीत, दोन-तीन तासांच्या आत नेली. जंत निघाले, पिनवर्म, भरपूर. आमच्या डॉक्टरांनी पुण्यात अशा प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांशी फोनवर बोलून ग्रॅमच्या वजनावर डोस काढला आणि दोन आठवड्यांनी परत दिला. कुत्र्याचं जंताचं औषध घरात आहे म्हणून अंदाजानं देऊ नका, दीडशे ग्रॅमच्या जिवाला एक थेंब जास्त म्हणजे फार जास्त. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ह्यासाठीच पाहिजे, दर रविवारी त्याच वेळी वजन. दहा टक्के उतरलं की वाट बघायची नाही, आम्ही त्याच्या पुढं जाऊ दिलं होतं. तसंच बोटं थरथरणं, जबडा मऊ लागणं, मागचे पाय ओढणं, पोट फुगून शी बंद, किंवा शीच्या जागी लाल मांस बाहेर आलेलं दिसलं तर त्याच दिवशी न्यायचं.

टाकीत वाळू होती ती पण काढली, आता साधा पेपर. शी कशी झाली ते कळतं आणि किड्याबरोबर वाळू पोटात जायची भीती नाही.

सध्या हळद्या २०६ ग्रॅम आहे, दोन महिन्यांत खाणं एकदाही तुटलं नाही, मध्ये एकदा सहा तास करंट नव्हता तरी. शेजारच्या कानडी अज्जी रोज कट्ट्यावरनं विचारतात, "ऊट आतेन?" म्हणजे जेवण झालं का, आणि भाऊ काय काय खाल्लं ते सगळं सांगत बसतो. आता डिसेंबरची तयारी चालू आहे, थंडीत आपल्याकडे रात्री १४ च्या आसपास उतरतं, त्यामुळं रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिक हीटर आणि त्याला थर्मोस्टॅट घेतोय. थंडीत मोठे ड्रॅगन झोपाळू होऊन खाणं कमी करतात, पण वर्षाच्या आतल्याला आणि जंतातनं नुकत्याच उठलेल्याला तसं झोपू द्यायचं नाही असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून दिवा रोज बारा तास, टायमरवर. खानापूर-जांबोटीकडे कोणी बिअर्डी पाळला असेल तर तिथल्या पावसात टाकी कोरडी कशी ठेवता ते नक्की लिहा, पुढच्या जूनच्या आधी मला ते पाहिजे.